चार वजनं

"एका घोटात संपवायचं नाही," डाएटिशियन मॅडम म्हणतात आणि औषध मोजायचे प्लॅस्टिकचे छोटे कप पुढच्या रांगेत वाटायला लागतात. प्रत्येक कपात ३० मिलिलिटर पाणी. "ऑपरेशननंतर पहिले काही दिवस हा एवढा कप पंधरा मिनिटं पुरवायचा. आत्ताच करून बघा, मी वेळ लावते."

मोबाइलवर घड्याळ सुरू होतं. पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयाचा दुसरा मजला, शनिवारची दुपार, दिवाळी नुकतीच सरलेली. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा 'सपोर्ट ग्रुप' इथे महिन्यातून एकदा भरतो. ज्यांचं ऑपरेशन झालंय ते आणि ज्यांचं व्हायचंय ते, सगळे एकाच खोलीत. कोणाचंही नाव लिहायचं नाही, या अटीवर मला कोपऱ्यातली खुर्ची मिळाली आहे. इथल्या खुर्च्या मुद्दाम बिनहातांच्या घेतल्या आहेत. तरीही नव्याने आलेला प्रत्येक माणूस दारातच थबकतो, आधी खुर्चीकडे बघतो, मग खोलीतल्या लोकांकडे.

पुढच्या रांगेत मायलेकी आहेत, शेजारी मुलीचा धाकटा भाऊ. मुलगी सव्वीस-सत्तावीसची. बाहेर यंत्रावर अनवाणी उभं राहून, दोन्ही दांड्या हातात धरून तिने काढून आणलेला छापील कागद आईच्या मांडीवर पालथा ठेवलेला आहे, त्यावर पर्स. वजन ११२ किलो, उंची १५८ सेंटिमीटर. हे मला मॅडमनी ते मोठ्याने वाचलं म्हणून कळतं. आईला ते मोठ्याने वाचलेलं आवडलेलं नाही.

चौथ्या मिनिटाला आईचा कप रिकामा. मुलीच्या कपात अजून निम्मं पाणी आहे. ती कप ओठाला लावते, खाली घेते, किती उरलंय ते उजेडाकडे धरून बघते. दहाव्या मिनिटाला विचारते, "आणि तहान लागली तर?"

"लागेल. म्हणून तर आज करून घेते."

मग मॅडम स्लीव्हचं ऑपरेशन समजावतात. पोटावर चार-पाच छोटी छिद्रं, दुर्बिणीतून काम, जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग स्टेपलरने कापून कायमचा बाहेर. उरतं ते केळ्याएवढं. जो भाग जातो त्यातच भुकेचा संदेश देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तयार होतं, त्यामुळे सुरुवातीला भूक खरोखरच कमी होते. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी वेगळी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. हे सगळं त्या झरझर सांगतात; चित्रफीत आहे, माहितीपत्रक आहे. त्यांना वेळ हवा आहे तो पुढच्या गोष्टीसाठी. त्या कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेनं वाटतात.

"चार आकडे लिहायचे. पहिला, स्वप्नातलं वजन. दुसरा, ज्याने आनंद होईल ते. तिसरा, चालवून घ्याल ते. चौथा, ज्यावर थांबलात तर निराश व्हाल ते. एकमेकांचं बघायचं नाही."

ही कल्पना मॅडमची स्वतःची नाही, तसं त्या सांगतातही. १९९७ साली अमेरिकेत गॅरी फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजन कमी करायला आलेल्या ६० स्त्रियांकडून असेच आकडे लिहून घेतले होते. तिथे शस्त्रक्रिया नव्हती, आहार आणि व्यायामाचा उपचार होता. त्या बायकांचं स्वप्नातलं वजन होतं त्यापेक्षा सरासरी ३८ टक्के कमी. निराश करणारं, १७ टक्के कमी. ४८ आठवड्यांच्या उपचारात सरासरी १६ किलो उतरले. कोणत्याही डॉक्टरने पाठ थोपटावी असा हा आकडा. आणि तरीही जवळपास निम्म्या बायका स्वतःच लिहिलेल्या निराशेच्या वजनापर्यंतही पोचल्या नाहीत. त्या अभ्यासातली ही एकच ओळ शस्त्रक्रियेच्या प्रत्येक संमतिपत्रावर छापावी असं मला वाटतं.

मुलगी लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. आई डोकावते. मॅडम चिठ्ठी घेतात आणि नुसती बघतात. "वाचू का?" मुलगी मान हलवते.

पंचावन्न. साठ. पासष्ट. बहात्तर.

"बहात्तरवर थांबलीस तर निराश होशील?"

"हो. एवढं सगळं करून बहात्तर म्हणजे..."

मॅडम फळ्यावर ११२ लिहितात. त्याखाली पंचवीस टक्के आणि तीस टक्के. आकडेमोड लपवत नाहीत, सगळ्यांसमोर करतात. २८ किलो, साधारण ३४ किलो. वजाबाकी. ८४, ७८. दोन्ही आकड्यांभोवती गोल.

"वर्ष-दीड वर्षानंतर तू साधारण इथे कुठेतरी असशील. काही जण याहून खाली जातात, काही जातच नाहीत. मी तुला पंचावन्नचं वचन देणार नाही."

खोलीत कोणी काही बोलत नाही. फळ्यावरच्या दोन आकड्यांतला चांगला धरला, तरी तो या मुलीने निराशा म्हणून लिहिलेल्या आकड्यापेक्षा सहा किलोंनी जास्त आहे. आणि हिचं काही वेगळं चाललेलं नाही. बोस्टनमध्ये शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांना हेच विचारलं तेव्हा, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्यांची सरासरी अपेक्षा होती ३८ टक्के वजन उतरण्याची. २६ टक्क्यांच्या आत काही उतरलं तर निराशा. म्हणजे शस्त्रक्रिया चोख होऊन जे साधारण मिळतं, तिथेच लोकांची निराशा सुरू होते.

"मॅडम, लग्न मे महिन्यात आहे," आई म्हणते. आवाज खाली आहे, पण खोली लहान आहे. "तोवर किती उतरेल तेवढं सांगा. हॉल बुक झालाय."

"पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं, तर लग्न पाचव्या-सहाव्या महिन्यात येतं. वजन भरपूर उतरलेलं असेल. पण साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. परत येतात, पण गळतात."

"म्हणजे ऐन लग्नात?"

"आणि दुसरं, वर्ष-दीड वर्ष मूल होऊ द्यायचं नाही. हे आत्ता सांगते, नंतर धावपळ नको."

आई कागदावरची पर्स उचलून पुन्हा तिथेच ठेवते. "हे त्यांच्याकडच्यांना कोणी सांगायचं?"

"मी सांगेन," मुलगी म्हणते. "त्यांनी ऑपरेशन कर म्हणून सांगितलेलं नाहीये, आई. मला करायचंय."

भाऊ इतका वेळ मोबाइलमध्ये होता, तो मान वर करतो. "पण आता इंजेक्शनं आलीत ना? मग ही कापाकापी कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि इथे दर महिन्याला येतो, असं ग्रुपची कोऑर्डिनेटर माझ्या कानात सांगते. २०२५च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात आलं, तेव्हापासून. मॅडम तुच्छतेने उत्तर देत नाहीत. वेगोवीतल्या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, हे सांगतात. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं, हेही सांगतात. "ज्यांना ते पुरेल त्यांनी तेच घ्यावं. तुमच्या ताईचा बीएमआय पंचेचाळीसच्या घरात आहे. दोन्ही पर्याय सर्जनसमोर ठेवू, मग ठरवा. आज काही ठरवायचं नाहीये."

आईच्या मनात मात्र दुसरंच काही आहे. "माझी धाकटी जाऊ बघा. वजन अठ्ठावन्न. तरी तिला शुगर. आणि हिला अजून काही नाही. मग नक्की धरायचं काय?"

याचं उत्तर याच शहरात शोधलं गेलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र 'लॅन्सेट'ने २००४ साली छापलं होतं. दोघांचाही बीएमआय तोच, २२.३. चरबी मात्र युडकिनच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपली बारीक दिसणारी माणसंही आतून चरबी बाळगून असतात, हे त्यावरून जगाला कळलं. मॅडम हे दोन वाक्यांत सांगतात आणि मांडीवरचा तो पालथा कागद उलटा करायला लावतात. "फक्त वरची ओळ बघू नका. ही बघा, आणि ही." बोट चरबीच्या आणि स्नायूंच्या आकड्यावर. आईला ते कितपत पटतं कोण जाणे. पण कागद आता सुलटा राहतो.

"मी बोलू का?"

उजवीकडून एक काका उभे राहतात. एसटीत वाहक आहेत, चार वर्षांपूर्वी स्लीव्ह झालेलं. बोलायच्या आधीच खिशातून घडी घातलेला कागद काढतात. त्यावर पेनाने आकडे: १३४, ९२, १०१.

"पहिला ऑपरेशनच्या दिवशीचा. मधला दीड वर्षानंतरचा. शेवटचा आज सकाळचा, बाहेरच्या काट्यावरचा. माझ्या चिठ्ठीवर मी तेव्हा पंच्याहत्तर लिहिलं होतं. माझे वडील पंच्याहत्तर किलोचे होते, म्हणून."

"मग काका, निराश आहात का?" मॅडम विचारतात. उत्तर त्यांना ठाऊक असावं, पण ते त्यांच्याच तोंडून यावं असं वाटत असणार.

"दीड वर्षं होतो. ब्याण्णवचं पुढे सरकेना तेव्हा काटाच फेकून दिला होता घरातला." ते कागद खिशात ठेवतात. "अहो, गाडीत दोन सीटच्या मधून मला आडवं होऊन जावं लागायचं. तिकीट काढता काढता लोकांचे खांदे लागायचे, बायामाणसं अंग चोरायची. मान खाली घालून पैसे घ्यायचो. आता सरळ जातो. रात्री तोंडाला मशीन लावून झोपायचो, ते आता माळ्यावर आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन होतं, ते बंद. मागच्या वर्षी एक गोळी परत सुरू झाली. ते मला लागलं मनाला. साखर कायमची गेली असं मी सगळ्या डेपोला सांगून बसलो होतो."

मधुमेहाच्या बाबतीतली ही निराशा मला सर्वांत टाळता येण्यासारखी वाटते. क्लीव्हलँडमधल्या चाचणीत पाच वर्षांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, ६ किंवा त्याखाली राहिला तो बायपास झालेल्यांपैकी २९ टक्के लोकांचा आणि स्लीव्ह झालेल्यांपैकी २३ टक्क्यांचा. नुसत्या औषधांवर असलेल्यांत फक्त ५ टक्के. फरक प्रचंड आहे. दोन वेळच्या इन्सुलिनवरून एका गोळीवर येणं हा मोठा विजय आहे. पण 'शुगर जाते' या दोन शब्दांवर भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढलेल्या माणसाला ती एक गोळी हार वाटते. त्याला कोणीतरी आधीच नीट सांगायला हवं होतं.

"आणि हे," काका म्हणतात आणि काय होतंय ते आम्हाला कळायच्या आत खुर्च्या आणि फळा यांच्यामधल्या मोकळ्या फरशीवर बसतात. आधी एक गुडघा, मग एक हात, मग खाली. उजवा पाय डाव्या मांडीवर ओढून घेतात, पाठ ताठ करतात. पूर्ण मांडी. विजारीची शिवण गुडघ्यापाशी ताणली जाते. "अकरा वर्षं मला हे येत नव्हतं. पंगतीत मला टेबल-खुर्ची. गणपतीच्या पूजेला खुर्ची. भावाच्या तेराव्याला सगळे खाली आणि मी एकटा वर बसलेलो. हे चिठ्ठीवर लिहायचं मला सुचलंच नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं."

पुढच्या रांगेतली मुलगी खुर्चीच्या कडेवर आली आहे. "काका, तुमचं वजन किती असताना जमलं हे?"

"आकडा नाही आठवत गं. सातवा महिना होता. गणपतीच बसले होते."

"मला पाटावर बसायचंय," ती म्हणते. "होमासमोर. दोन तास तरी बसावं लागेल."

आई तिच्याकडे बघते. त्या बघण्यावरून मला वाटतं, हे ती पहिल्यांदाच ऐकते आहे. मॅडम मुलीच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला काहीतरी लिहितात आणि चिठ्ठी तिला परत देतात.

काका उठतात. उठायला एका हाताचा आधार लागतो. तो द्यायला हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण पुढे येतो आणि मग त्यालाच बोलायला सांगतात. हा बायपासवाला, तीन वर्षं झालेला. १४२ चा ८४ झालाय. खोलीत बारीकशी कुजबुज उठते, पुढची रांग त्याच्याकडे डोळे भरून बघते. त्याला स्वप्नातलं वजन मिळालं आहे, अगदी चिठ्ठीवरचं पहिलं.

"मी पोहायचो," तो म्हणतो. "गावाकडे विहिरीत शिकलो, साताऱ्याकडे. नववीनंतर शर्ट काढायची लाज वाटायला लागली, म्हणून सोडलं. ऑपरेशन केलं ते खरं तर त्यासाठी. डॉक्टरांना मी बीपी सांगितलं." तो दंडाखालची त्वचा दोन बोटांत धरून ओढतो, टी-शर्टच्या बाहीखालून ती तळहाताएवढी खाली येते आणि सोडल्यावर तशीच लोंबत राहते. "पोटावर याच्या तिप्पट आहे. घट्ट बनियन घालतो. उन्हाळ्यात घड्यांमध्ये पुरळ येतं, पावडर लावून मीटिंगला बसतो. अजून पाण्यात उतरलेलो नाही."

ती त्वचा काढता येते. वजन वर्ष-दीड वर्षात स्थिरावलं की त्याचीही शस्त्रक्रिया होते. पण विमा कंपनी तिला सौंदर्यासाठीची म्हणून बाजूला सारते. खर्च पुन्हा लाखांत. आधीच्या कर्जाचे हप्ते त्याचे अजून चालू आहेत.

"अजून एक सांगू?" तो विचारतो आणि आता त्याचा आवाज बदलतो. "ऑफिसात मी जे आधी बोलायचो तेच आत्ता बोलतो. आधी कोणी ऐकायचं नाही, आता ऐकतात. सगळे म्हणतात, तुझा कॉन्फिडन्स वाढला. माझा कॉन्फिडन्स तेवढाच आहे. मला त्यांचा राग येतो. हे मला ऑपरेशनच्या आधी कोणी सांगितलं नाही, की मला लोकांचा इतका राग येईल."

मॅडमकडे याचं उत्तर नाही. त्या तसं म्हणतात आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ लिहून घ्यायला सांगतात. बऱ्याच ठिकाणी ऑपरेशनच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाची एक भेट ठेवलेली असते. ऑपरेशननंतरच्या भेटी मात्र ज्याने त्याने मागून घ्याव्या लागतात. जाडपणामुळे वर्षानुवर्षं जे अपमान गिळले ते वजनाबरोबर वितळत नाहीत. उलट आता ते स्पष्ट दिसतात, कारण वागणूक बदललेली असते. हा तरुण माझ्या मते रागावण्यात पूर्णपणे बरोबर आहे.

चहा येतो. बिनसाखरेचा, अर्धा कप. नव्यांना चहा, ऑपरेशन झालेल्यांपैकी काहींना ताक. खाण्याबरोबर पाणी नाही, खाल्ल्यावर अर्धा तास नाही, स्ट्रॉ नाही, घास विरघळेपर्यंत चावायचा, दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रोटीन, गोळ्या जन्मभर: हे सगळं जुने नव्यांना पाठ म्हणून दाखवतात. उपासाचा प्रश्न निघतो. साबुदाण्यात प्रोटीन नसल्यासारखंच, तर चतुर्थीला काय खायचं यावर चांगली दहा मिनिटं जातात आणि दाण्याची आमटी, ताक, पनीर यावर मिटतं.

मी कप घेऊन बाहेरच्या बोळात येते. भिंतीवर फोटो आहेत, आधी आणि नंतर, जोडीजोडीने. आधीच्या फोटोत माणसं समोर बघत नाहीत. नंतरच्या फोटोत जुनी विजार दोन्ही हातांनी कमरेपासून लांब धरून हसतात. खाली बारीक अक्षरांत मुदत लिहिली आहे: आठ महिने, एक वर्ष, दहा महिने, चौदा महिने. मी पूर्ण भिंत वाचते. चौदा महिन्यांच्या पुढचा एकही फोटो नाही.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला एक मोठा अभ्यास आहे, चार हजारांहून जास्त लोकांचा. निम्म्यांनी शस्त्रक्रिया केली, निम्म्यांनी नाही. त्यात वजन सर्वांत खाली गेलं ते पहिल्या-दुसऱ्या वर्षात. मग ते हळूहळू चढलं. दहा वर्षांनी बायपास झालेल्यांचं वजन मूळच्या २५ टक्क्यांनी कमी होतं, जठर टाके घालून लहान केलेल्यांचं १६ टक्क्यांनी, जठराला पट्टा बसवलेल्यांचं १४ टक्क्यांनी. म्हणजे थोडं वजन परत येणं हा या शस्त्रक्रियेचा नेहमीचा मार्ग आहे. जो फोटो या भिंतीवर लागलाय, तो त्या मार्गावरच्या सर्वांत खोल जागी काढलेला आहे. अशी भिंत फक्त इथेच नाही, जाहिरातींत सगळीकडे आहे. पाचव्या वर्षाचा फोटो शेजारी लावला तर बघणाऱ्याला खरं कळेल, आणि फोटोतल्या माणसाला पुढे तोंड लपवावं लागणार नाही. हे कोणी करत नाही याची मला चीड येते, कारण आत दाराजवळच्या खुर्चीवर, सगळ्यांच्या मागे, एक बाई मघापासून काहीच न बोलता बसल्या आहेत.

मी परत येते तेव्हा मॅडम त्यांच्याच शेजारी बसलेल्या आहेत, खुर्ची ओढून.

"ताई, चार वर्षांनी आलात."

"येणारच नव्हते. मुलाने गाडीतून आणून सोडलं." पन्नाशीच्या आसपासच्या, चिंचवडहून आलेल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. "मला बोलायला लावू नका, मॅडम. या मुलीला अजून करायचंय. माझी फेल गेलेली केस."

"आकडे सांगा."

"एकशे अठरा होते. एकोणऐंशी झाले होते. आता शहाण्णव." सहा वर्षं झाली आहेत. "हळदीकुंकवाला गेले की म्हणतात, अगं, तू तर ऑपरेशन केलं होतंस ना? म्हणून जाणंच सोडलं. इथे यायचं सोडलं. गोळ्या पण सोडल्या, कशासाठी घ्यायच्या म्हणून."

मग हळूहळू बाकीचं येतं. तिसऱ्या वर्षी भूक परत आली. ती जाणार असं त्यांना सांगितलेलं, परत येऊ शकते हे कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या. पोळी अडकते, भाकरी अडकते, उसळ खाल्ली की छातीत दाटतं. चिवडा अडकत नाही, बिस्किटं अडकत नाहीत, आइस्क्रीम तर नाहीच नाही. चार ते सात घरात दोघीच, एक पलंगावर आणि एक स्वयंपाकघरात. "पोटभर जेवले असं सहा वर्षांत एकदाही नाही झालं. तरी वजन वाढलं. हे कोणाला खरं वाटत नाही."

"खरं आहे ते," काका वळून म्हणतात. "अडकतं ते चांगलं असतं आणि सरकतं ते वाईट."

मॅडम मोबाइलवर गुणाकार-भागाकार करतात. "तुमचं अजूनही साडेअठरा टक्के कमी आहे, ताई. सहा वर्षांनंतर." मग त्या स्वीडनचं सांगतात, पण मी भिंतीसमोर आठवत होते त्याच्या पुढचं. त्या अभ्यासातल्या बहुतेकांची शस्त्रक्रिया टाके घालून जठर लहान करण्याची होती, म्हणजे ज्यांचं दहा वर्षांनी १६ टक्केच कमी राहिलं तीच माणसं तिथे जास्त होती. आणि तरीही, २००७ साली निष्कर्ष आले तेव्हा, शस्त्रक्रिया केलेल्या सगळ्यांमध्ये मिळून मृत्यूचं प्रमाण न केलेल्यांपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी निघालं. "ऑपरेशन वेगळं होतं, ते मान्य. पण तुमच्याएवढं वजन राखून लोक जास्त जगलेत. फेल कोण म्हणालं तुम्हाला?"

"मीच म्हणते."

त्या पदराने डोळे टिपतात. पुढच्या रांगेतली मुलगी मागे वळून सगळं ऐकते आहे. आई तिला पुढे बघायला सांगत नाही.

"पायाला मुंग्या येतात का?" मॅडम विचारतात.

"येतात की. वयाने असेल."

"बी-ट्वेल्व्ह असेल. गोळ्या सोडल्यात ना. उद्याच्या उद्या रक्त द्यायचं. बी-ट्वेल्व्ह, लोह, डी, कॅल्शियम." त्या लिहीत जातात. "आणि झोप?"

"झोप कुठली? आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं. तीन उश्या घेऊन बसल्यासारखी झोपते. कधीकधी खुर्चीतच."

मॅडमचं लिहिणं थांबतं. स्लीव्हनंतर हा त्रास बऱ्याच जणांना होतो, तो अंगावर काढायचा नसतो, आधी दुर्बीण घालून बघावं लागतं, हे त्या शांतपणे समजावतात. औषध आहे. औषधाने भागलं नाही तर स्लीव्हचा बायपास करता येतो, त्याने जळजळ बहुतेकदा खूप कमी होते.

ताई पुढे झुकतात. "दुसरं ऑपरेशन? मग पुन्हा एकोणऐंशी होईल?"

"थोडं उतरेल. एकोणऐंशीचं मी सांगत नाही."

"किती मग?"

"ताई, मी आकडा सांगितला तर तुम्ही तो घेऊन घरी जाल."

ताई गप्प बसतात. बऱ्याच वेळाने विचारतात, "जळजळ जाईल म्हणालात ते नक्की?"

"बघू आधी आत काय आहे ते. पण त्याच्यासाठीच करायचं झालं तर करू."

"मग ते बघा. आडवं झोपायला मिळालं तरी पुष्कळ आहे मला."

"मंगळवारी सकाळी या. रात्री दहानंतर काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आणि सासूबाईंजवळ कोणाला तरी बसवून या, दुपार होईल."

"नणंदेला विचारते," ताई म्हणतात आणि पर्समधून फोन काढतात.